आरसा पुसू का? आमच्या आकाशदर्शन ग्रुपच्या ॲडमिन मंडळींना खुलं पत्र

ॲडमिन मंडळी,

सप्रेम नमस्कार.

रविवारी रात्री तुम्ही ग्रुपवर टाकलेली चौदा कलमी नियमावली वाचली. चौथं कलम, ‘विषयबाह्य एकही मेसेज चालणार नाही’, आणि नववं, ‘पहिल्या चुकीला ताकीद, दुसऱ्या चुकीला बाहेर’, ही दोन्ही कोणत्या संध्याकाळची अपत्यं आहेत हे ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक आहे. त्या संध्याकाळच्या धिंगाण्यात माझे स्वतःचे अकरा मेसेज होते. नंतर मोजले. तेव्हा हे पत्र तक्रारदाराचं नाही, आरोपीचं समजा. खासगीत लिहिता आलं असतं, पण गोंधळ चारचौघांत घातला, तर बोलणंही चारचौघांतच झालेलं बरं.

जे त्या दिवशी फोनपासून लांब होते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संध्याकाळी सव्वासातला एका नव्या मुलाचा मेसेज आला. पहिलीच दुर्बीण, आठ इंची डॉब (म्हणजे डॉब्सोनियन, साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण), हातात येऊन महिनाही झाला नसेल. त्याने लिहिलं होतं: “आज गुरू बघायला दुर्बीण बाहेर काढली. टॉर्च मारून नळीत पाहिलं तर आरशावर बरीच धूळ दिसतेय. आरसा पुसू का? कशाने पुसू?”

याचं उत्तर आपल्यातल्या किमान शंभर जणांना झोपेतून उठवलं तरी देता येईल. पहिला प्रतिसाद आला तो असा: “आधी गुरुबळ आहे का बघून घ्या!” पुढे हसरा चेहरा. त्यावर दुसऱ्याने सुनावलं, की हा विज्ञानाचा ग्रुप आहे, ज्योतिषाचे विनोद इथे नकोत. तिसऱ्याने विचारलं, विज्ञानाला सगळं कळतं का? आणि मग मी उतरलो. ग्रहांच्या गतीचे नियम शोधणारा केप्लरसुद्धा पत्रिका मांडत असे, १६०८ मध्ये त्याने वालेनस्टाइनची, पुढे नामांकित सेनापती झालेल्या सरदाराची, कुंडली केली होती, हे मला माहीत होतं आणि ते सगळ्यांना माहीत व्हावं अशी मला फार घाई होती. केप्लरने ते पोटासाठी केलं की श्रद्धेने, यावर चार जण तुटून पडले. तिथून गाडी शाळेच्या पुस्तकांवर, पुस्तकांवरून सरकारवर, सरकारवरून ‘तुमच्यासारख्या लोकांमुळेच’ या स्टेशनावर. साडेनऊपर्यंत दीडशेच्या घरात मेसेज झाले होते.

मधे, सात वाजून बावन्न मिनिटांनी, त्या मुलाने परत विचारलं होतं: “मग पुसू ना?”

त्याच्या लगेच खाली कुणीतरी लिहिलं: “हो, अगदी बरोबर!” ते केप्लरबद्दल होतं. लिहिणाऱ्याने मूळ मेसेजला धरून उत्तर दिलं नव्हतं, नुसतंच खाली टाकून दिलं होतं. मुलाला वाटलं, आपल्यालाच म्हणताहेत. त्याने चष्मा पुसायचं मऊ फडकं घेतलं आणि आरसा कोरडाच पुसला. गोल गोल, नीट, मन लावून.

दुर्बिणीच्या आरशावर ॲल्युमिनियमचा जो थर असतो, तो साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा. आपल्या केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ. धुळीतले वाळूचे कण त्याच्याहून कितीतरी कठीण. कोरडं फडकं फिरवणं म्हणजे तेच कण त्या थरावरून फरपटत नेणं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फोटो टाकला. उजेड तिरपा पडला होता आणि आरसाभर बारीक वर्तुळाकार ओरखडे चमकत होते. खाली लिहिलं होतं: “असं होतं का पुसल्यावर?”

त्या फोटोखाली तासभर कोणी काही लिहिलं नाही. आपला ग्रुप एवढा गप्प मी ग्रहणातही पाहिलेला नाही.

आता मुद्द्यावर येतो. त्या संध्याकाळी विषय सोडला कुणी, हे सांगा बरं. मी ते सगळे मेसेज परत वाचले. एकही माणूस विषय सोडायला आलेला नव्हता. गुरुबळवाल्याने गुरूवर विनोद केला, दुसऱ्याने विनोदाला उत्तर दिलं, मी उत्तरातली त्रुटी दाखवली. प्रत्येक मेसेज त्याच्या वरच्या मेसेजला धरूनच होता. विषय कुणी बदलत नाही, तो सरकतो, आणि सरकवणाऱ्या प्रत्येकाला आपण जागेवरच उभे आहोत असं वाटत असतं. म्हणून तुमचं चौथं कलम ज्याच्यासाठी आहे, त्याला ते आपल्याला लागू आहे हेच कळणार नाही. मला तर नक्कीच कळलं नसतं. मी खगोलशास्त्राच्या इतिहासावर बोलत होतो ना!

आपण काही नवीन पाप केलंय असंही नाही. १९८२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणकांवर अशीच एक गप्पांची जागा होती. लिफ्ट तुटून खाली पडत असेल तर आतल्या मेणबत्तीचं आणि पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल, अशी भौतिकशास्त्राची कोडी तिथे चालली होती. एकाने गमतीत लिहिलं, की नुकत्याच झालेल्या प्रयोगामुळे डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडला आहे, सावध राहा. ज्यांनी आधीची चर्चा वाचली नव्हती त्यांना ते खरंच वाटलं. मग विनोद ओळखू यावा म्हणून खूण काय करावी, यावर खल झाला आणि १९ सप्टेंबरला तिथलेच संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी सुचवलं: अपूर्णविराम, मधे आडवी रेघ, शेवटी कंस. मान तिरकी करून पाहिलं की हसरा चेहरा. आपल्या गुरुबळवाल्याने जो पिवळा चेहरा लावला होता, त्याचा खापरपणजोबा तो. एवढं करूनही त्या चेहऱ्याचा अर्थ ‘गंमत करतोय’ की ‘तुझी टर उडवतोय’, हे आपल्याला अजून कळत नाही ते सोडा.

१९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ‘आरएफसी १८५५’ या नावाची, इंटरनेटवर कसं वागावं-बोलावं याची, एक शिष्टाचाराची पुस्तिकाच निघाली. कलमं आपल्या चौदापेक्षा बरीच जास्त आहेत, पण ‘बाहेर काढू’ची भाषा नावालाच. लिहिण्याआधी महिना-दोन महिने नुसतं वाचा, असं ती नव्यांना सांगते. राग आलेला असेल तर उत्तर पाठवायला एक रात्र थांबा, म्हणते. आणि एक गोष्ट तर मला भिंतीवर लावावीशी वाटते: वाद जर एकाच माणसाशी चालला असेल तर तो दोघांत पत्राने मिटवा, इतरांना त्यात रस असेल तर नंतर सार कळवा. केप्लरवरचे माझे अकरापैकी नऊ मेसेज एकाच गृहस्थांना उद्देशून होते. बाकी हजारभर लोक मधे बसून टेनिसच्या सामन्यासारखी मान हलवत होते. किंवा नव्हतेच, आवाज बंद करून झोपले होते. दुसरंच खरं असावं.

तुम्ही म्हणाल, मग नियम नकोच का? नको कसे! आपण रात्री माळावर दुर्बिणी लावतो तेव्हा एक नियम सगळे पाळतात, आणि तो कुठे छापलेलाही नाही: पांढरा उजेड नाही. अंधाराला डोळा सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि एका टॉर्चने ती कमाई क्षणात जाते. फक्त टॉर्चवाल्याची नाही, आजूबाजूच्या सगळ्यांची. लाल उजेडाने ती फारशी मोडत नाही, म्हणून लाल दिवा. पण कुणी नवखा पांढरा टॉर्च पेटवतो तेव्हा तुम्ही काय करता, आठवा. ओरडत नाही. माळावरून हाकलत नाही. जवळ जाता, त्याच्या टॉर्चवर तळहात धरता आणि हळूच म्हणता, “हा घ्या लाल.” मीच पहिल्या रात्री दोनदा टॉर्च पेटवला होता आणि तुमच्यातल्याच एकाने खिशातला लाल जिलेटिनचा तुकडा माझ्या टॉर्चला रबरबँडने बांधून दिला होता. तो तुकडा अजून माझ्याकडे आहे. तेच तुम्ही फोनवर आलात की चौदा कलमं आणि लाल अक्षरांत ‘अंतिम सूचना’. माणूस तोच, हात तोच. मधल्या काचेने काय होतं कोण जाणे.

आणि सगळंच अवांतर पांढऱ्या टॉर्चसारखं नसतं. ढगांचे ते दिवस आठवा. तीन-तीन आठवडे तारा दिसत नाही, तेव्हा ग्रुप जिवंत राहतो तो कशावर? मागे एका ताईंनी शिलाई मशीन जड चालतंय म्हणून सहज विचारलं होतं. तुमच्या नव्या नियमाने त्या सरळ बाहेर. पण त्यावरून जुन्या, घट्ट झालेल्या ग्रीसची गोष्ट निघाली, ते कसं काढायचं आणि काय लावायचं हे एका निवृत्त मेकॅनिकनी सांगितलं, आणि दोन दिवसांत तिघांनी आपापले माउंट, म्हणजे दुर्बीण जिच्यावर फिरते ती बैठक, उघडले. स्वस्तातल्या माउंटमध्ये कारखान्यातूनच चिकट ग्रीस येतं, थंडीत ते आणखी आवळतं आणि मग दुर्बीण सरकते ती ठेच लागल्यासारखी. माझाही माउंट तेव्हापासून लोण्यासारखा फिरतो. हे सगळं विषयबाह्यच होतं. मेकॅनिककाका त्याआधी ग्रुपवर दोन वर्षं होते आणि तोवर एक अक्षर बोलले नव्हते. खगोलशास्त्रातलं आपल्याला काय कळतं, असं त्यांना वाटायचं.

उलट, विषयाला धरून असलेलं सगळं सभ्य असतं असंही नाही. उदाहरण देतो, आणि यात मी नव्हतो असं म्हणायची सोय नाही. ‘येत्या ऑगस्टमध्ये मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा मेसेज २००३ पासून जगभर फिरतो आहे. त्या वर्षी २७ ऑगस्टला मंगळ पृथ्वीपासून साधारण ५ कोटी ५७ लाख ६० हजार किलोमीटरवर होता, जवळजवळ ६० हजार वर्षांत इतका जवळ आला नव्हता. मूळ मजकुरात लिहिलं होतं, की ७५ पट मोठा करून पाहिलात तर मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा दिसेल. वाक्य दोन ओळींत तुटलं, पहिली ओळ गळून पडली, आणि राहिलं ते आजतागायत फिरतंय.

गेल्या वर्षी आपल्या एका आजींनी तो पुढे पाठवला. विषय काटेकोर खगोलशास्त्रच. आणि आपण काय केलं? सव्वीस जणांनी चूक दाखवली. सव्वीस! पहिल्याने दाखवल्यावर पंचविसांची गरज काय होती? कुणी ‘कृपया आधी वाचा’ म्हणालं, कुणी कपाळावर हात मारलेला माणूस पाठवला. मी लिहिलं होतं, “दरवर्षीचं गाढव आलं.” आजी रात्रीतून ग्रुप सोडून गेल्या. त्या गाढवाचा हिशेब किती सुंदर आहे, हे त्यांना कुणीच सांगितलं नाही. २००३ च्या त्या ऑगस्टमध्ये मंगळाचं बिंब २५ विकलांचं होतं (आकाशातला आकार कोनात मोजतात: अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला). ७५ ने गुणलं की १८७५ विकला, म्हणजे ३१ कला. आणि पूर्ण चंद्रही तेवढाच, ३१ कलांच्या आसपास. म्हणजे मूळ वाक्य चोख बरोबर होतं! हे चार ओळींत आजींना सांगितलं असतं तर त्यांनी पुढच्या वर्षी तो मेसेज पाठवणाऱ्या दहा जणांना स्वतः गणित करून दाखवलं असतं. तुमच्या चौदा कलमांत सव्वीस जणांच्या त्या हल्ल्याला अडवणारं एकही कलम नाही. मी शोधलं.

आता सहावं कलम, ‘राजकारण नको’. मान्य. पण ते लावता कसं, ते पाहा. एकाने रस्त्यावरच्या नव्या दिव्यांबद्दल लिहिलं होतं. दिवे निळसर पांढरे, वर झाकण नाही, उजेड अर्धा आकाशात. असे दिवे कुठे, कोणाकडे अर्ज करून बदलून घेता येतात, एवढंच त्याला विचारायचं होतं. तो मेसेज ‘राजकारण’ म्हणून उडवला. उपग्रहांचंही तेच. २०१९ च्या मे महिन्यात इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह एका ओळीत आकाशातून गेले, तेव्हापासून फोटोंवर रेघा हे आपलं रोजचं रडगाणं. पण त्यावर कुणी बोललं की कंपनीच्या मालकाचे भक्त आणि शत्रू दोघे धावून येतात, म्हणून तो विषयच बंद. अहो, अंधारं आकाश हा जर आपला विषय नसेल तर कोणता आहे? दिवा कोणत्या रंगाचा, कुठे झुकलेला, त्यावर झाकण का नाही, हे आपलं. तो लावणाऱ्याचा पक्ष कोणता, हे आपलं नाही. रेषा इतकी साधी आहे. आणि ती ओढताना एक बघा: ज्या गोष्टीशी आपण सहमत असतो ती आपल्याला राजकारण वाटतच नाही. अवकाशमोहीम यशस्वी झाली की ग्रुपवर जे दोनशे मेसेज येतात, त्यातले कितीतरी मोहिमेबद्दल नसतात. ते कधी कुणी उडवल्याचं मला आठवत नाही.

‘गप्पांसाठी वेगळा ग्रुप काढू’ ही तुमची सूचना मी ऐकली आहे, आणि ती आपण एकदा करूनही पाहिली आहे. ‘कट्टा’ नाव होतं. आठ दिवस चालला. पहिल्या दिवशी भांडणारे सगळे तिथे गेले, आणि बघायला कोणी नाही म्हटल्यावर परत इकडे आले. भांडणाला प्रेक्षक लागतात, रिकाम्या मैदानात कोणी शड्डू ठोकत नाही.

मग करायचं काय? माझ्याकडे चौदा कलमं नाहीत. ज्याने प्रश्न विचारला, त्याला उत्तर मिळालं का, एवढं एक बघा. मिळालं असेल, तर त्याखाली केप्लरवर रात्र काढली तरी कुणाचं बिघडत नाही. नसेल, तर तो प्रश्न वर पिन करा, म्हणजे गप्पांच्या पुरात वाहून जाणार नाही. पाळी लावून घ्या, रोज संध्याकाळी एकाने एवढंच पाहायचं, आणि त्यात पहिलं नाव माझं लिहा. उत्तर देताना मूळ मेसेज धरून द्या, हे मात्र नियम म्हणून घातलंत तरी चालेल. एका “हो, अगदी बरोबर”ने एक आरसा गेलाय. कुणाला समज द्यायची असेल तर आधी खासगीत द्या. चारचौघांत दिलेली समज माणसाला कळत नाही, फक्त लागते.

आणि मोठे ॲडमिन, रागावू नका, पण हे लिहिल्याशिवाय पत्र पुरं व्हायचं नाही. त्या संध्याकाळी तुमचे सतरा मेसेज होते. तेही मोजले. अठरावा होता, “आता बास, यापुढे या विषयावर कोणी बोलू नये.” वादात उतरलेल्या माणसानेच शिट्टी फुंकून सामना संपवला, तोही स्वतःचा गोल झाल्या झाल्या. माझा राग त्या अठराव्या मेसेजवर जास्त होता, सतरांवर नव्हता. तुम्ही वादात पडूच नका असं मी म्हणत नाही, तुम्हालाही मत असणारच, आणि केप्लरबद्दलचं तुमचं बरंचसं बरोबर होतं, हे आता कबूल करतो. पण ज्या वादात तुम्ही असाल, तिथली शिट्टी दुसऱ्या ॲडमिनच्या हातात द्या. चौघे आहात की.

आजींना मी फोन केला होता. गाढवाबद्दल माफी मागितली आणि गणित सांगितलं. परत येईन म्हणाल्या नाहीत, पण २५ गुणिले ७५ त्यांनी फोनवरच तोंडी केलं, माझ्याआधी. त्यांना परत बोलवायचं असेल तर ते तुम्हीच करा, चौथं कलम काढून टाकल्यावर.

तो मुलगा ग्रुपवर अजून आहे. का आहे, देव जाणे. त्याला मी नंतर सगळं सविस्तर लिहिलं: थोड्या धुळीने काही बिघडत नाही, वर्षानुवर्षं धुवावाही लागत नाही, आणि धुवायचाच तर आरसा बाहेर काढून आधी वाहत्या पाण्याखाली धरायचा, मग सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवलेला कापूस नुसत्या स्वतःच्या वजनाने ओढायचा, शेवटी डिस्टिल्ड वॉटर ओतून उभा वाळवायचा. ओरखड्यांनी उजेड थोडा विखुरतो, चित्र जरासं फिकट होतं, पण गुरूचे पट्टे त्यातूनही दिसतात. त्याने पाहिलेही.

काल रात्री अकरा वाजता त्याचा नवा मेसेज आला आहे. आरसा काढून परत बसवल्यापासून मधोमध आणलेला ताराही धूमकेतूसारखा एका बाजूला शेपूट फुटलेला दिसतो, स्क्रू कोणता फिरवू, असं विचारतोय. कोलिमेशन, म्हणजे आरशांची एका रेषेतली जुळणी, बिघडलंय, दुसरं काही नाही. त्याखाली आतापर्यंत सोळा मेसेज आले आहेत. पहिला तुमच्या नियमावलीबद्दल आहे आणि उरलेले पंधरा त्या पहिल्याबद्दल. मी इथेच थांबतो, त्याला उत्तर लिहायचं आहे.

आपला,
ग्रुपवरचा एक जुना सभासद
(अकरा मेसेजवाला)